माचा पारखताना: आधी पाणी, मग डबा

ठाणे-डोंबिवलीतल्या कॅफेंच्या मेन्यूत माचा आता सर्रास दिसतो, आणि घरी करून प्यायचा तर तीस ग्रॅमचा डबा ॲपवरून दारात येतो. डब्याडब्यांच्या किमतीत मात्र तिपटी-चौपटीचा फरक असतो. झाकणावर तेच हिरवंगार चित्र, तोच ‘सेरेमोनियल ग्रेड’चा शिक्का. या शिक्क्याला जपानमध्येसुद्धा कायदेशीर व्याख्या नाही. विकणाऱ्याने लावला की लागला. त्यात २०२४ च्या अखेरीस मागणी इतकी चढली की क्योतोची इप्पोदो आणि उजीची मारुक्यू कोयामाएन या जुन्या पेढ्यांनाही माचाच्या विक्रीवर मर्यादा घालाव्या लागल्या. टंचाई आली की नावापुरता मालही बाजारात शिरतोच. म्हणून ही भुकटी स्वतः चाखून पारखता यायला हवी. आपल्या स्वयंपाकघरात बसून ते नक्की जमतं.

सगळ्यात आधी पाण्याचं बोलू. दोन ग्रॅम भुकटीला सत्तर मिलिलिटर पाणी, हे माचाचं नेहमीचं प्रमाण. म्हणजे कपात जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि आपल्या भागात ते घरागणिक बदलतं. कल्याण-डोंबिवली महापालिका उल्हास नदीचं पाणी उचलते, डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात बारवी धरणाचं येतं, ठाणे शहराला भातसा, उल्हास, बारवी अशा वेगवेगळ्या वाटांनी मिळतं. सह्याद्रीच्या पावसावर भरणारं हे पाणी तसं मऊ. पण घोडबंदर रोडवरच्या कितीतरी संकुलांत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर दिवस काढावे लागतात, आणि बोअरचं पाणी जड असतं. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, स्टीलच्या भांड्यांवर डाग राहत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर तुमच्या नळाला क्षार जास्त आहेत. अशा पाण्यात चांगला माचाही मंद लागतो. रंग मळकट होतो, वरचा सुगंध दबतो, चवीला धार राहत नाही. उलट आरओ मशीनमधून क्षार पार काढून टाकलेल्या पाण्यात तोच माचा पातळ आणि टोचरा लागतो.

पारखायला मधलं पाणी घ्यावं. साध्या टीडीएस मीटरवर ५० ते १५० च्या दरम्यान आकडा येत असेल तर पुरे. पालिकेचं पाणी एकदा खळखळून उकळावं आणि उघड्या पातेल्यात थोडा वेळ ठेवावं, म्हणजे क्लोरिनचा वास उडतो. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की हा वास जास्त जाणवतो, तेव्हा ही पायरी गाळू नका. मनात शंका असेल तर एकाच डब्यातली भुकटी नळाच्या, आरओच्या आणि बाटलीच्या पाण्यात शेजारी-शेजारी घोटून बघा. पुष्कळ जण डब्याला नावं ठेवतात तेव्हा दोष पाण्याचा असतो, हे माझं ठाम मत आहे.

दुसरा मुद्दा दमट हवेचा. माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची पूड. तोडणीआधी साधारण वीस दिवस मळ्यावर आच्छादन घालतात, पानं तोडली की लगेच वाफवतात, वाळवतात, देठ-शिरा काढून टाकतात. उरतो तो ‘तेंचा’. तो दगडी जात्यावर दळला की माचा. एका जात्यातून तासाला तीस-चाळीस ग्रॅमच पूड पडते, कारण वेग वाढवला की दगड तापतो आणि सुगंध जातो. इतकी बारीक पूड हवेतली ओल, प्रकाश आणि आजूबाजूचे वास झपाट्याने ओढून घेते. जुलैत डोंबिवलीत मीठसुद्धा ओलं होतं, तिथे उघड्या माचाचं काय होत असेल! म्हणून मोठा पुडा घेऊ नये, वीस-तीस ग्रॅमचा डबा घ्यावा आणि उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवावा. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. थंड डब्यात दमट हवा शिरली की आत पाण्याचा अंश धरतो, पुडीच्या गुठळ्या होतात आणि चार दिवसांत हिरवा रंग शेवाळी होऊ लागतो. फ्रिजमध्ये कापलेला कांदा किंवा सुकट असेल तर डबा आणखी एका घट्ट बरणीत ठेवलेला बरा.

आता चवीकडे. आपली जीभ घडली आहे सीटीसी चहावर. पानं दात्यांच्या रोळांत चिरडून दाणेदार करायची ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकरचर यांनी आणली, आणि आज टपरीपासून घरापर्यंत आपण तोच चहा दूध, साखर, आलं घालून उकळतो. त्यात चांगला म्हणजे कडक. तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात, कडूपणा साखर झाकते. माचा पाण्यात घोटला की यातलं काहीच झाकलेलं राहत नाही. पहिल्या घोटाला ‘पालक वाटून दिला की काय’ असं वाटतं ते यामुळे. तिथेच न थांबता, तोंडात नेमकं काय काय लागतंय ते सुटं करायला शिकलं की निम्मं काम झालं.

चहा चाखणारे तज्ज्ञही हेच करतात. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या जीह्यून ली आणि डेलोरेस चेंबर्स यांनी २००७ मध्ये हिरव्या चहाच्या चवीचा एक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. १३८ चहा चाखून त्यांनी ३१ गुणांची नावं ठरवली आणि त्यांच्या जोडीला ओळखीचे नमुने दिले. नमुना समोर असला की पाच माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलतात. आपल्याला ३१ नकोत, सहा-सात पुरतात, आणि त्यांचे नमुने भाजीबाजारात मिळतात.

हिरवटपणासाठी पालक उकळत्या पाण्यात बुडवून काढा आणि ते पाणी कोमट झाल्यावर हुंगा, मग घोटभर प्या. शेजारी मटाराची कोवळी शेंग मोडून ठेवा. पालकाचा हिरवटपणा जड, शेंगेचा गोडसर आणि ताजा. उत्तम माचा शेंगेकडे झुकतो. तिसरा हिरवटपणा नुकत्याच कापलेल्या गवताचा. तो बोचरा आणि कच्चट असतो, आणि आच्छादन नीट न घातलेल्या किंवा उशिरा खुडलेल्या पानांत जास्त जाणवतो.

सावलीतल्या चहाला एक खास वास असतो, समुद्राकडे झुकणारा. त्यामागे डायमिथाइल सल्फाइड नावाचं द्रव्य आहे आणि मक्याचं कणीस उकडताना जो वास सुटतो तोही त्याचाच. पावसाळ्यात स्टेशनबाहेर उकडलेली कणसं विकणारा दिसला की त्याच्या पातेल्याजवळ क्षणभर थांबा, वास नाकात बसेल. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला समुद्राकडची ही छटा वेगळी शिकवायला नको. मात्र तो वास मासळीच्या उग्र दर्पाकडे गेला तर तो दोष समजा.

कडूपणासाठी रात्रभर भिजवलेल्या मेथीदाण्यांचं पाणी. तुरटपणासाठी कच्च्या केळ्याची पातळ चकती चघळून थुंका. एप्रिल-मेमध्ये गावाहून काजूची बोंडं आली असतील तर त्याहून चांगलं. कडू आणि तुरट यांची गल्लत फार होते. कडू ही चव आहे, ती जिभेला कळते. तुरटपणा हा स्पर्श आहे. चहातली कॅटेचिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात, तोंडातलं वंगण कमी होतं आणि गालांची आतली बाजू, हिरड्या, जीभ कोरडी, खरखरीत वाटू लागते. ओळखायची युक्ती सोपी आहे: घोट गिळल्यावर जीभ टाळूवर फिरवा. घसरली तर तुरटपणा कमी, अडखळली तर जास्त. आणि तुरटपणा साठत जातो. पहिल्या घोटाला सौम्य वाटलेला कप चौथ्या घोटाला तोंड पार कोरडं करू शकतो. म्हणून एका घोटावर निकाल देऊ नका.

सगळ्यात कठीण आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा गुण म्हणजे उमामी. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बु या समुद्री शेवाळाच्या रश्श्यात ग्लुटामेट शोधलं आणि या चवीला नाव दिलं. पुढच्याच वर्षी अजिनोमोटो बाजारात आलं. माचात ग्लुटामेट असतंच, त्याच्या जोडीला थियानिन असतं. हे अमिनो आम्ल याजिरो साकातो यांनी १९४९ मध्ये सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो चहातून वेगळं काढलं. पानावर ऊन पडलं की थियानिनचं तुरट कॅटेचिनमध्ये रूपांतर होत जातं, सावलीत ते टिकतं. महाग माचाचे पैसे मुख्यतः या सावलीचे असतात. ही चव ओळखायची तर चायनीजच्या गाडीमुळे माहीत असलेलं अजिनोमोटो चिमूटभर, ग्लासभर कोमट पाण्यात विरघळवा आणि शेजारी साध्या पाण्याचा ग्लास ठेवा. खारट नाही, गोड नाही, पण जिभेच्या मागच्या भागाला भरल्यासारखं वाटतं, लाळ सुटते आणि गिळल्यावरही काहीतरी रेंगाळतं. बिनमिठाच्या टोमॅटोच्या सारात किंवा सोड्यांच्या रश्श्यात हाच भरीवपणा असतो. वहीत त्याला ‘भरीवपणा’ म्हणून गुण द्या. एकदा ओळख पटली की चांगल्या माचात तो पहिल्या घोटातच सापडतो, आणि स्वस्त भुकटीत तो नाही हेही तितक्याच लख्ख कळतं.

दोषांचे नमुनेही हुंगून ठेवावेत. जुना पेंढा, भिजलेला पुठ्ठा, खवट शेंगदाणा. पहिले दोन वास शिळ्या आणि ओल लागलेल्या मालाचे, तिसरा हवा लागून आतल्या स्निग्धांशाची नासाडी झाल्याचा. भाजलेल्या चण्याचा हलका वास आला तर बिचकू नका. पण तोच वास वरचढ असेल तर पानं वाफवण्याऐवजी कढईत भाजलेली असण्याची शक्यता आहे. चीनमध्ये हिरवा चहा बहुतांशी तसाच करतात. तो चहा वाईट मुळीच नाही, फक्त माचाच्या भावाने घेऊ नये. शेवग्याच्या पाल्याची पूडही हल्ली हिरव्या पुड्यांत मिळते, तिचा वास नाकाला लगेच ओळखू येतो.

चाखायला सकाळी दहा-अकराची वेळ उत्तम. नाश्ता होऊन तासभर झालेला असतो आणि स्वयंपाकघरात फोडणी पडलेली नसते. उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको, आधी कॉफी किंवा पान नको. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नमुने घेऊ नयेत. दोन ग्रॅममध्ये साधारण साठ मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेव्हा जास्त नमुने असले तर चाखून थुंकावं आणि संध्याकाळी हा उद्योग करूच नये. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाला लागून तर घेऊच नये, चहातली तुरट द्रव्यं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत.

पहिली पारख कोरडीच. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड ठेवून बोटाने एकच ओढ द्या. बारीक दळलेली पूड सलग, लांब आणि मऊ पसरते. जाड पूड मध्येच तुटते, बोटाखाली रवाळ लागते. रंग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली सगळेच हिरवे सारखे दिसतात. ताज्या मालाचा हिरवा रंग जिवंत असतो. पिवळट किंवा शेवाळी झाक म्हणजे हरितद्रव्य मोडू लागलंय, किंवा पान मुळात सावलीतलं नव्हतं. मग डब्यात नाक घाला, आणि शेवटी कणभर पूड जिभेवर ठेवा. लगेच गोड लागली तर साखर आहे. लॅटे मिक्सच्या पुड्यांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, दूध पावडर असते, मागच्या बाजूची घटकांची यादी वाचली की कळतं.

मग दोन कप. पहिला नेहमीचा: दोन ग्रॅम पूड, म्हणजे सपाट चहाचा चमचा, बारीक जाळीच्या गाळणीतून चाळून घ्या, सत्तर मिलिलिटर पाणी ऐंशी अंशांना. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओता, प्रत्येक ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात. मे महिन्यात थोडे कमी. बांबूचा चासेन असेल तर छान, नाहीतर बॅटरीवरची छोटी फेसणी चालते. सगळ्या नमुन्यांना साधन एकच आणि वेळ तेवढीच, एवढं पाळा. दाट बारीक फेस डोळ्यांना सुखावतो आणि घोट मऊ करतो, पण त्यावरून दर्जा ठरवू नका, हाताची सवय आणि साधन यांचा त्यात मोठा वाटा असतो.

दुसरा कप पारखीचा: एक ग्रॅम पूड आणि शंभर मिलिलिटर उकळतं पाणी. चहा चाखण्याच्या आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात शंभर मिलिलिटर ताज्या उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं, असं प्रमाण आहे. तो कप सुखाने पिण्यासाठी नसतो, तुलना करण्यासाठी असतो. उकळत्या पाण्यात कडू-तुरट उसळून वर येतं आणि लपलेला शिळेपणा बाहेर पडतो. या छळातूनही ज्याच्यात थोडा गोडवा आणि भरीवपणा उरतो, तो माचा डोळे मिटून घ्यावा. हा कप न हलवता दहा मिनिटं तसाच ठेवा आणि अलगद ओतून तळ बघा. माचा विरघळत नाही, तरंगत राहतो. जितकी पूड जाड तितका गाळ लवकर आणि जास्त.

घोट घेताना जरा आवाज करत ओढून घ्या, हवा आत गेली की वास नाकाच्या मागच्या बाजूला पोचतो. मग नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि गिळता गिळता सोडा. सोडल्यावर जे एकदम उमटतं तो वास, आधी जे होतं ती चव. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाचे चार कुरमुरे खा, दोन-तीन मिनिटं थांबा.

लिहून ठेवणं फार गरजेचं आहे. ‘मस्त’, ‘फ्रेश’, ‘हेल्दी’ असल्या शेऱ्यांवरून महिन्याने काहीच आठवत नाही. नोंद अशी असावी: “कोरडी पूड गडद हिरवी, किंचित पिवळी झाक. वास उकडलेल्या कणसाचा, मागे पेंढा. फेस मध्यम, लवकर विरला. पहिला घोट गुळगुळीत, हिरवट ५, पालकाकडे, गोडसर ३, भरीवपणा ३. गिळल्यावर कडू ५, तुरट ६, गालांच्या आत, दोन मिनिटं टिकला. तळाशी रवाळ गाळ. दुधात चालेल, नुसता नको.” आकडे शून्य ते दहा, आणि दहा म्हणजे तुमचा नमुना: तुरट दहा म्हणजे ती केळ्याची चकती, कडू दहा म्हणजे ते मेथीचं पाणी. एकूण बेरीज करायच्या मोहात पडू नका. मी सर्वाधिक वजन देते ते गिळल्यानंतरच्या मिनिटाला. तोंडात गोडसर, भरीव काहीतरी उरलं तर बाकी चुका माफ. नुसता कोरडेपणा उरला तर रंग कितीही देखणा असो, तो डबा परत घेऊ नये.

किंमत माहीत असली की जीभ डब्याची बाजू घेते, म्हणून शेवटचा निवाडा झाकून करा. घरातल्या कुणाला तरी तीन कप भरायला सांगा, दोन एकाच डब्याचे, तिसरा वेगळा. खूण कपाच्या तळाला. चाखणाऱ्याने वेगळा कप ओळखायचा. अंदाजपंचेही तिघांत एकदा बरोबर येतंच, त्यामुळे एकट्याच्या एका उत्तराला अर्थ नाही. घरात पाच जण असतील आणि चौघांनी वेगळा कप बरोबर काढला, तर फरक खरा धरायला हरकत नाही. तिघांनीच काढला तर स्वस्त डबा घ्या आणि वाचलेल्या पैशांत दुसरा नमुना मागवा.

कॅफेत पारखायचं असेल तर आधी बिनसाखरेचा, नुसत्या पाण्यातला माचा मागा. देत नसतील तर लॅटेत किती ग्रॅम पूड घालतात आणि सिरप वेगळं असतं का, हे मोकळेपणाने विचारा. नीट काम करणारा माणूस लगेच सांगतो. दोनशे मिलिलिटर दुधात दोन ग्रॅमपेक्षा कमी पूड असेल तर रंगाशिवाय फारसं काही हाती लागत नाही. म्हशीचं घट्ट दूध तुरटपणा जवळजवळ गिळून टाकतं, त्यात सौम्य, महागडा माचा वाया जातो. दुधासाठी थोडा कडवट, ठसठशीत नमुनाच बरा.

आणि पारखीत नापास झालेला डबा टाकून देऊ नका. तो खवट किंवा ओल लागलेला नसेल तर चाळून चक्क्यात घाला, अर्धा किलोला दोन चमचे. श्रीखंडाची साखर आणि आंबटपणा त्याचा कडूपणा सांभाळून घेतात. वेलची मात्र त्यात घालू नका, माचाचा उरलासुरला वास ती बुजवते.